समुपदेशकांची पाठराखीण

तर मुख्याध्यापक रडायला लागले, इथवर काल आलो होतो. साधंसुधं रडणं नव्हतं ते. चष्मा काढून बाजूला ठेवला, खिशात रुमाल सापडेना, म्हणून टेबलावरचं डस्टर उचललं आणि त्यानंच डोळे पुसले. खडूची पांढरी पट्टी कपाळभर! आणि ज्या बाईंना झापायला त्यांनी बोलावलं होतं, त्या शाळेच्या समुपदेशक बाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि मायेनं विचारतायत, "सर, हल्ली झोप लागते का हो नीट?"

आता मौज अशी, की तक्रार बाईंची होती. मुलं ज्या खोलीत येऊन मन मोकळं करायची, ती खोली सरांनी काढून घेतली आणि बाईंना खेळाच्या सामानाच्या कोठीत बसवलं. एखादी पोर रडवेली होऊन बोलायला लागावी, की दार ढकलून कुणीतरी आत डोकावणार, "बाई, फुटबॉल द्या." अशा जागी कोण बोलणार, कप्पाळ! त्याची दाद मागायला ही बैठक. आणि बैठक संपली तेव्हा बाईंनी तक्रार मागं घेतलेली, वर सरांनाच पुढच्या आठवड्यात भेटायची वेळ दिलेली. भेटायचं कुठं? त्याच कोठीत, चेंडूंच्या जाळीशेजारी.

बाईंच्या बाजूच्या खुर्चीवर आणखी एक बाई बसली होती. पन्नाशीची, अंगानं बारीक, केस घट्ट मागं बांधलेले. तिनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि जीभ दातांखाली धरून बसली, कारण तिला बोलायची बंदी होती. हीच ती पाठराखीण. गोष्ट तिची आहे; मुख्याध्यापक आपले वाटेत भेटले.

तिचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण असं काही काम असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. समुपदेशक म्हणजे लोकांच्या मनातलं ऐकून घेणारी, शिकून-सवरून रीतसर परवाना काढलेली माणसं. शाळेत असतात, इस्पितळात असतात, कारखान्यात असतात. जगाची गाऱ्हाणी ऐकतात. पण त्यांचं स्वतःचं गाऱ्हाणं असलं की त्यांना वाली नाही. कुणाला बसायला जागा नाही, कुणाला वरचा साहेब विचारतो, "काल तो तुमच्याकडे येऊन काय बोलला ते सांगा," कुणाला ऐकण्याचं काम सोडून हजेऱ्या घ्यायला लावतात. अशांसाठी त्यांच्याच संघटनेनं ही बाई नेमली होती. चौकशी असो, बैठक असो, ती सोबत जायची आणि शेजारी बसायची. मात्र नियम कडक. सोबत्यानं बसावं, ऐकावं, तोंड उघडू नये. त्याला मुभा दोनच गोष्टींची : मध्ये घटकाभर थांबायची सवड मागायची, आणि सगळं संपल्यावर उभं राहून एकदाच काय ते म्हणायचं. सवड हवी असली की ती चष्मा काढून हातात धरायची. तेवढ्यावर कामकाज थांबायचं.

घरी तिची नणंद होती, लग्न न केलेली, जिभेला धार असलेली. ती शेजारपाजारी सांगायची, "आमच्या वहिनीला गप्प बसायची नोकरी लागलीय. दिवसभर गप्प बसते आणि संध्याकाळी घरी येऊन व्याजासकट बोलते."

"आणि तू काय करतेस गं?" पाठराखीण आतून ओरडायची.

"मी ऐकते. माझ्याकडे परवाना नाही, म्हणून फुकट ऐकते."

नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. तो दोघींच्या मध्ये पडत नसे. मशिनात तेल घालत, चाक फिरवत, आपल्याशीच हसत बसायचा.

संघटनेचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून दात कोरायच्या यंत्राची गुरगुर अखंड चालू. पहिल्यांदा जिना चढून येणारा समुपदेशक तो आवाज ऐकूनच अर्धा व्हायचा. पाठराखीण म्हणायची, "घाबरू नका, ते खालच्या मजल्यावर. आपल्याकडे दुखणं बिनआवाजाचं काढतात." मग चौकशीची तालीम चालायची. ऑफिसातला कारकून साहेब व्हायचा. गरीब स्वभावाचा माणूस, पण साहेब झाला की त्याच्या अंगात यायचं. टेबलावर मूठ आपटून असा काही ओरडायचा, की खालचे पेशंट दचकायचे.

तालमीत ती एकच गोष्ट पुनःपुन्हा घोटून घ्यायची. "मान हलवायची नाही."

कारण हे त्या धंद्याचं दुखणं आहे. सुताराचा हात जसा लाकूड दिसलं की आपोआप त्यावरून फिरतो, तशी समुपदेशकाची मान. समोरचं माणूस बोलायला लागलं की हिची मान वर-खाली, वर-खाली. 'बोला, मी ऐकतेय' एवढंच त्यात असतं. पण चौकशीत साहेब म्हणतो, "तुम्ही कामात कुचराई केलीत," आणि ही बया मान हलवते! समोरच्याला काय वाटणार? कबूल झाली. कितीएक चांगली माणसं या मानेपायी बुडाली होती. पाठराखीण कारकुनाला म्हणायची, "शिव्या द्या, रडा, पाया पडा, काय वाट्टेल ते करा, पण हिची मान हलली पाहिजे." आणि मान हलली की त्या समुपदेशकाला पुन्हा पहिल्यापासून.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः बुडून शिकली होती.

तरुणपणी ती एका मोठ्या इस्पितळात समुपदेशक होती. लांबच्या आजारपणाची माणसं तिच्याकडे यायची. खोली मागितली तर तिला बोळाच्या टोकाला एक पडदा टांगून दिला. पडद्याच्या अलीकडे ही आणि रोगी, पलीकडे औषधाच्या खिडकीची रांग. ती अर्ज करायची, वरचे हसायचे. "मनातलंच तर बोलतात ना, मग भिंत कशाला हवी?" एके दिवशी एक माणूस खूप दिवसांनी तिच्यापाशी बोलता झाला. घरी कुणालाच न सांगितलेलं बोलला. आणि त्याचा सख्खा भाऊ औषधं घ्यायला पडद्यापलीकडे रांगेत उभा होता. त्यानं अक्षर न् अक्षर ऐकलं. तिथल्या तिथं पडदा ओढला. पुढं काय झालं ते सांगवत नाही. त्या घराची दोन घरं झाली, आणि तो रोगी पुन्हा इस्पितळाची पायरी चढला नाही. औषधालासुद्धा नाही.

चौकशी झाली ती हिची. पडद्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. "तुम्हाला त्याला हळू बोलायला सांगता येत नव्हतं?" असं विचारलं. समोर पाच-सहा जण, अलीकडे ही एकटी, बाजूला रिकामी खुर्ची. साहेब बोलत गेले आणि ही ऐकत गेली, जशी रोज ऐकायची तशी, मान हलवत. शेवटी त्यांनी म्हटलं, "चूक त्यांना मान्य आहे."

त्यानंतर ती कधी कुणाचं ऐकायला बसली नाही. म्हणजे परवाना दरसाल नवा करून आणायची. पण समोर खुर्ची मांडून 'बोला' म्हणायचं बळ पुन्हा आलं नाही. नवऱ्यानं एकदा चुकून म्हटलं, "आता विसर की." तर ती म्हणाली, "मी विसरेन हो. त्या माणसाला कुठं विसरता येतंय?" मग नवऱ्यानं तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

म्हणून ती शेजारच्या खुर्चीत बसायची. ती खुर्ची रिकामी राहू नये, इतकंच.

आता बसडेपोतल्या पोरीकडे येऊ. ही खरी सल.

शहरातल्या बसगाड्यांचा डेपो. तिथं ड्रायव्हर लोकांसाठी एक समुपदेशक नेमली होती, तिशीची, बोलायला मऊ. ड्रायव्हर तिला ताई म्हणायचे, म्हणून ती डेपोताई. डेपोच्या मॅनेजरनं तिला जागा दिली ती काचेची. ड्युटी लागायचा फळा जिथं टांगलेला, त्याच्या अगदी समोर काचेचा चौकोन. आत कोण बसलंय, रडतंय की हसतंय, सगळा डेपो बघणार. ड्रायव्हर जातीची माणसं मोठी मानी. एकजण चुकून आत गेला तर बाहेर टाळ्या पडल्या, "काय रे, गिअर अडकला का डोक्यातला?" त्यानंतर कुत्रं फिरकेना. आणि वर मॅनेजर म्हणायला मोकळा, "बाईंकडे कामच नाही, जागा रद्द करा."

तेव्हा पाठराखीण पहिल्यांदा तिच्यासोबत गेली होती. पोरीची तालीम चांगली झालेली. मान ताठ ठेवून ती शांतपणे बोलली आणि काचेच्या चौकोनाऐवजी टायरच्या गोदामामागची एक खोली मिळवली. रबराचा वास यायचा, खिडकी एवढीशी. पण भिंती पक्क्या, दार आतून लागणारं. पाठराखीण त्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि भिंतीवर हात फिरवत उभी राहिली. घरी आल्यावर नणंदेला म्हणाली, "आज मला कुणी हार घातला असता तर मी घालून घेतला असता."

"थांब, मशिनाचा पट्टा आहे, तो घालते," नणंद म्हणाली.

त्या खोलीत हळूहळू ड्रायव्हर यायला लागले. त्यातलाच एक, चाळिशीचा, अबोल. दर आठवड्याला यायचा. टायर बघायला चाललोय असं दाखवत गोदामात शिरायचा आणि मागून खोलीत. तो तिथं काय बोलायचा हे तो जाणे आणि डेपोताई जाणे.

एका दुपारी तो रिकामी बस घेऊन डेपोकडे परतत होता. उताराचं वळण. बस वळलीच नाही. सरळ कठडा तोडून खाली गेली. गाडीत दुसरं कुणी नव्हतं, ही एवढीच देवाची दया.

लोक म्हणाले ब्रेक गेला. ड्रायव्हर म्हणाले, ब्रेक कशाला, सलग ड्युट्या लावून माणसाची झोप मारली की असंच होतं. मॅनेजरला दोन्ही नको होतं. ब्रेक म्हटलं तर वर्कशॉप अडकणार, ड्युट्या म्हटलं तर तो स्वतः. तिसरं कारण हवं होतं, आणि ते टायरच्या गोदामामागं आयतं होतं. त्यानं डेपोताईला बोलावलं. "तो तुमच्याकडे यायचा. डोकं ठिकाणावर नव्हतं ना त्याचं? काय काय बोलला ते सांगा. विषय संपवू."

"ते मला सांगता येणार नाही, सर."

"माणूस गेला की बाई! आता कसली गुपितं?"

"ज्याचं आहे तो गेला. आता त्याला विचारता येत नाही, म्हणून तर मला सांगता येत नाही."

माणसाचा जीव धोक्यात असेल तर बोलायची मुभा असते. पण हा माणूस धोक्याच्या पलीकडे जाऊन पोचला होता. मॅनेजरनं हुकूम मोडल्याची चौकशी लावली. नोकरी तर जाणारच होती, परवान्यावरही बालंट येणार होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट पाठराखणीला दिसत होती. ही पोर बोलली, तर त्या खोलीचं दार कायमचं बंद. पक्क्या भिंती असूनही ती पुन्हा काचेची होणार.

तालीम झाली. कारकून साहेब होऊन ओरडला, रडला, विनवण्या केल्या. डेपोताईची मान हलली नाही. पाठराखीण म्हणाली, "झकास. आता तुला देवही हलवू शकत नाही."

चौकशी वर्कशॉपच्या वरच्या खोलीत होती. खाली कुणीतरी पत्रा ठोकत होतं. डिझेलचा वास, लोखंडी कपाटं, हिरव्या रेक्झिनचं टेबल. मुख्य ऑफिसातून आलेला चौकशी अधिकारी म्हातारा होता, सर्दीनं बेजार, सारखा नाक पुसायचा; कामकाजाआधी त्यानं सर्दीचंच गाऱ्हाणं सांगितलं, ते डेपोताईनं मान हलवत ऐकलं. पण माणूस सरळ. मॅनेजरनं आडवे-तिडवे प्रश्न टाकले. तो झोपायचा का? चिडायचा का? मरणाचं काही बोलला होता का? दर वेळी डेपोताईचं एकच उत्तर, "ते मी सांगू शकत नाही." आवाज खाली नाही, वर नाही. मान सरळ. पाठराखीण शेजारी हात मांडीवर ठेवून बसलेली. मनातून तिला वाटलं, जिंकली पोर.

तेव्हा मॅनेजर उठला आणि त्यानं दार उघडून एका बाईला आत घेतलं. ती ड्रायव्हरची बायको होती. कोपऱ्यावर कपडे इस्त्री करायची तिची टपरी. मनगटावर जुन्या चटक्यांच्या खुणा. तिला बसायला सांगितलं तरी ती बसली नाही.

"हिलाच सांगा," मॅनेजर म्हणाला. "आम्हाला नका सांगू."

इस्त्रीवाली डेपोताईकडे वळली. तिला ब्रेकचं नको होतं, ड्युट्यांचं नको होतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. कशावरून, आता आठवत पण नाही. डबा न घेता गेले. मी मागून हाक मारली नाही. म्हटलं, जाऊ दे, भूक लागली की येईल राग खाली." मग तिनं पदरानं डोळे पुसले. "घरी ते बोलायचे नाहीत हो. मला वाटायचं, मुके आहेत. आणि तुमच्याकडे येऊन बोलायचे म्हणे. माझ्याशी नाही, तुमच्याशी. मला त्याचा राग नाही. मला फक्त एवढंच सांगा, माझं काही निघायचं का बोलण्यात? आठवण काढायचे ना माझी?"

आणि डेपोताईची मान हलली.

त्या इस्त्रीवालीनं बोलायला सुरुवात केल्यापासूनच ती हलत होती, सावकाश, वर-खाली. समोर माणूस फुटत होतं आणि ही ऐकत होती. कारकुनाच्या खोट्या रडण्याला न बधलेली मान खऱ्या रडण्यापुढं गेली.

इस्त्रीवालीचा चेहरा असा उजळला, की खोलीतल्या कुणाला वर बघवेना. "काढायचे!" ती म्हणाली. "बघा, हो म्हणाल्या. काढायचे!" आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. ते रडणं निराळं होतं.

मॅनेजर अधिकाऱ्याकडे वळला. "साहेब, उत्तर दिलं त्यांनी. एका प्रश्नाचं देता येतं तर बाकीच्यांचं का नाही? का मर्जीप्रमाणे गुपित?"

अधिकाऱ्यानं नाक पुसलं. "मुद्दा बरोबर आहे," तो नाइलाजानं म्हणाला.

पाठराखणीनं चष्मा काढला.

बाहेर जिन्याच्या वळणावर दोघी उभ्या राहिल्या. डेपोताईचे ओठ पांढरे पडले होते. "मावशी, मी मान हलवली? खरंच हलवली?"

"हलवली."

"मला कळलंच नाही हो. मी नुसती ऐकत होते."

"मला ठाऊक आहे. आता आत जाऊन तेवढंच सांग. सवय आहे म्हणावं, ते उत्तर नव्हतं."

डेपोताई तिच्याकडे बघतच राहिली. "तिच्यासमोर? तिचं तोंड पाहिलंत ना तुम्ही? तिला वाटतंय मी हो म्हटलं. आणि मी आता सांगू, की बाई, तसं काही नाही, माझी मान आपली अशीच हलते?" तिनं कठड्याला धरलं. "माझ्यानं नाही व्हायचं. गेली नोकरी तर जाऊ दे. निदान तिला एवढं तरी राहील."

"नोकरीचं कोण बोलतंय?" पाठराखीण म्हणाली. "उद्या दुसरा एखादा येईल टायर बघायच्या निमित्तानं. तो दाराशी आला की काय म्हणेल? माणूस मेला की ही त्याच्या बायकोला सांगते, म्हणेल. परत फिरेल. मग तो उतारावर जाईल, पोरी."

 खाली पत्रा ठोकणं चालू होतं.

"मग तुम्ही सांगा," डेपोताई शेवटी म्हणाली. "तुम्हाला एकदा बोलता येतं ना? तुम्ही बोला. मी तिच्याकडे बघू शकणार नाही."

पाठराखणीनं विचारलं नाही, की ड्रायव्हर खरोखर बायकोबद्दल बोलायचा का. तो प्रश्न तिच्या जिभेवर आला आणि तिनं गिळला. विचारला असता तरी पोरीनं सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तर पाठराखणीनंच तिला माफ केलं नसतं.

आत गेल्यावर ती उभी राहिली. आधी म्हणाली, "साहेब, माझी एक विनंती आहे. या बाईंना बाहेर बसवावं."

"का?" मॅनेजर म्हणाला. "त्यांच्या नवऱ्याचंच चाललंय ना? ऐकू द्या की त्यांनाही."

अधिकारी घुटमळला; पण इस्त्रीवाली स्वतःच म्हणाली, "मी इथंच थांबते." ती अजून अर्धवट हसत होती, गाल पुसत.

मग पाठराखीण बोलली. आयुष्यभर तिनं अशा खोल्यांत शेवटचं एकेक वाक्य बोलून किती जणांना सोडवलं असेल. पण असं बोलणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. "साहेब, आमच्या धंद्यात समोरचं माणूस बोलायला लागलं की मान हलते. ते हो नसतं, नाही नसतं. तुम्ही मघाशी सर्दीचं बोलत होतात तेव्हाही या हलवत होत्या. त्या मान हलवण्यात काहीही उत्तर नव्हतं. या बाईंना या मुलीनं काहीही सांगितलेलं नाही."

तिनं सांगितलं ते टेबलाकडे बघत नव्हे, इस्त्रीवालीकडे बघत. एवढं तरी आपण देणं लागतो, असं तिला वाटलं. त्यामुळे तिनं सगळं पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर तसंच राहिलं, मग तिथूनही गेलं. इस्त्रीवाली वळली. दार ओढून घेऊन जिना उतरून गेली.

अधिकाऱ्यानं ते मान हलवणं उत्तर म्हणून धरलं नाही. डेपोताईला ताकीद मिळाली, नोकरी राहिली, परवाना राहिला. खोली राहिली. रीतीनं बघितलं तर ही पाठराखणीची मोठीच जीत. संघटनेच्या ऑफिसात कारकुनानं सगळ्यांना चहा पाजला. ती कपाला हात न लावता घरी आली.

डेपोताईनं नंतर तिला फोन केला नाही. कामावर जात होती, ड्रायव्हर येत होते, ऐकत होती. पण पाठराखणीचं नाव निघालं की विषय बदलायची, असं कानावर आलं. त्यात तिचाही काही दोष नाही. आपलं अवघड काम ज्याच्याकडून करून घेतलं, त्याचं तोंड बघवत नाही माणसाला.

घरी पाठराखीण बोलेनाशी झाली. नणंदेला आधी बरं वाटलं, मग धास्ती वाटली. एक दिवस तिनं ताट समोर सरकवून म्हटलं, "वहिनी, घरीही तेच काम करणार का आता? मला भांडायला कुणी उरलं नाही."

"मी त्या बाईकडे जाऊन येते," पाठराखीण म्हणाली.

"कशाला? तू काय खोटं बोललीस?"

"नाही ना. म्हणूनच."

नवऱ्यानं मशिनाचं चाक हातानं थांबवलं. "जा," तो म्हणाला. "पण जाऊन काय सांगणार?"

ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे एक गोष्ट ठाऊक होती. तिथं नियम नव्हता, साहेब नव्हता, कुणी लिहून घेणार नव्हतं. जाऊन हळूच म्हणायचं, 'बाई, नोकरी वाचवायला आम्ही तसं म्हणालो. काढायचे हो तुमची आठवण.' कुणाचं काय बिघडणार होतं? मेलेला माणूस खोटं पाडायला येत नाही. वाटभर ती हे वाक्य मनात जुळवत गेली.

टपरी कोपऱ्यावरच होती. पत्र्याचं छप्पर, एका बाजूला गाठोडी, फळीवर घड्यांचे ढीग. इस्त्रीवालीनं तिला लांबूनच ओळखलं. पण हातातलं थांबवलं नाही. शर्टाची कॉलर उलटी केली, पाणी शिंपडलं, इस्त्री टेकवली. चर्र झालं. पाठराखीण समोर उभी राहिली. कुणाचा तरी शाळेचा गणवेश झाला, एक चादर झाली. गिऱ्हाईक आलं, कपडे घेऊन गेलं. तरी ही उभीच.

शेवटी इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवली.

"बसा म्हणणार नाही," ती म्हणाली. "जागा नाही."

"उभीच बरी आहे."

"कशाला आलात?"

 पाठराखणीचं जुळवून आणलेलं वाक्य तोंडाशी होतं.

इस्त्रीवालीनं चादरीची घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. मग तिच्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता इथं मॅनेजर नाही, कुणी नाही. तुम्ही त्यांच्यातल्याच. तुम्हाला सांगितलं असेल त्या पोरीनं. माझ्या गळ्याची शपथ घालते, कुणाला बोलणार नाही मी. एकदाच सांगा. काढायचे की नाही ते माझी आठवण?"

पाठराखीण म्हणाली :

"मला माहीत नाही, बाई. हो म्हणून टाकायचं, असं ठरवूनच घरातून निघाले होते. पण तुमच्यासमोर येऊन जीभ वळेना. ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि ज्या पोरीशी बोलले तिनं मला काही सांगितलेलं नाही. ती तुम्हालाही सांगणार नाही, कधीच नाही. तिच्यावर राग धरू नका, ती तर, तिला निदान तेवढं तरी राहू द्या, म्हणत होती. तुमच्या तोंडातला घास मी काढून घेतला. शिव्या द्यायच्या तर मला द्या, मी उभी आहे इथं."